१०२२११७ ला भाग जात नाही

३ मार्च
शाळेचं नवं ओळखपत्र मिळालं. क्रमांक १०२२११७. पाहताक्षणी ओळखलं, ही मूळ संख्या. वीस वर्षं गणित शिकवतोय, एवढी नजर बसायलाच हवी. स्टाफरूममध्ये जाहीर केलं की हिला कुणाचा भाग जाणार नाही. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, सिद्ध करा. पंधरा तारखेपर्यंत करतो म्हटलं.

४ मार्च, सकाळी ६
पुस्तकामागे मूळ संख्यांचा तक्ता आहे, २ ते ९९७. एकशे अडुसष्ट भागाकार. रोज वीस. कॅल्क्युलेटर नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.
संध्याकाळी : आठ झाले. अंगठा दुखतोय.

६ मार्च
उरलेले बायकोला दिले. भागाकार म्हणजे हमाली, डोकं माझंच. लग्नामुळे राहिलेली दहावी तिला आता बाहेरून द्यायची आहे. फॉर्मची शेवटची तारीखही पंधराच. म्हटलं, तेवढाच सराव.

११ मार्च
तक्ता संपला. भाग नाही. स्टाफरूमच्या फळ्यावर लिहून आलो : १०२२११७, मूळ संख्या. खाली सही.
बायको म्हणते, तक्ता संपला पण काम नाही संपलं, वर्गमूळ हजाराच्या जरा पुढे जातं. १००९ ने भागलं तर बाकी शून्य येते. हसलो. हातचा विसरलीस म्हटलं. तिने वही पुढे केली. मी पाहिली नाही, चष्मा शाळेत राहिला होता. हातचे विसरणाऱ्यांनी दहावीच्या नादी लागू नये, असंही म्हणालो. जरा जास्त झालं. पण शिक्षकाने स्पष्ट बोलावं.

१३ मार्च
बायकोचा फ्रीजवरचा फॉर्म दिसत नाही. भरला असेल.

१४ मार्च, ऑफ तास
गंमत म्हणून कॅल्क्युलेटर लावला. १०२२११७ भागिले १००९. उत्तर १०१३, बाकी काही नाही. बॅटरी उतरली असेल म्हणून क्लार्कचा आणला. त्याचंही तेच.
घरी गेल्या गेल्या सांगायचं. अजून एक दिवस हातात आहे.
संध्याकाळी : मेहुणी आली होती. तिच्यासमोर बरं दिसत नाही. उद्या नक्की.

१५ मार्च
सकाळी तिला घाई, नंतर मला. वहीचं शेवटचं पान आतल्या बाजूला दुमडून स्टेपल मारला आणि वही विज्ञानाच्या बाईंना दाखवली. पटलं त्यांना. अक्षर किती सुरेख आहे तुमचं, म्हणाल्या. मी थँक्यू म्हणालो.

१६ मार्च
सांगितलं. ती कपबशा पुसत होती. म्हणाली, मला माहीत होतं, तीनदा ताळा केला होता. मग फॉर्म का नाही भरलास, असं मीच वर तोंड करून विचारलं. म्हणाली, पर्समध्ये घेऊन काल पाच वाजेपर्यंत बसले होते. वाटलं, तुम्ही वही बघाल.
फार लाज वाटली. आत येऊन स्टेपलची पिन काढली. शेवटच्या पानावर प्रत्येक हातचा पेन्सिलने बारीक लिहिलाय. एकही विसरलेली नाही.