शब्द मेल्याची सही

तीर्थरूप आईस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो. तू डोळ्यांत थेंब घालतेस ना?

तुझ्या ऑपरेशनआधी यायचं कबूल केलं होतं, पण इथे विलायतेत शब्दकोशाच्या कचेरीत अडकलोय. डी आणि डब्ल्यू ही अक्षरं जोडीने येणाऱ्या जुन्या, चमत्कारिक इंग्रजी शब्दांची यादी माझ्याकडे आहे. ‘हा आता कुणी बोलत नाही’ अशी मी सही केली, की तो शब्द नव्या आवृत्तीतून जातो. यादी संपल्याशिवाय रजा नाही. एकच शब्द उरलाय : ड्वाइन. म्हणजे हळूहळू सुकत जाणं.

परवा जिन्यात माझ्या म्हाताऱ्या घरमालकीणबाई मला म्हणाल्या, “अरे, तू तर ड्वाइन व्हायला लागलास की!” घाबरू नकोस, त्या कुंडीतल्या रोपालाही तसंच म्हणतात.

साहेब म्हणतात, “एका म्हातारीपायी काय अडून बसलात? सही करा, उद्या विमानात बसा.” मी टेबलावर मूठ आपटली, “जिवंत माणसाच्या तोंडातला शब्द मेला, असं मी लिहून देणार नाही!” सभा असती तर टाळ्या पडल्या असत्या. इथे नुसता साहेबांचा चहा सांडला.

रोज यादी उघडतो, पेन उचलतो, खाली ठेवतो. ताई दवाखान्यात सोबत येईल ना?

आई, तू नुसतं ‘ये’ लिहिलंस, तर मी सही करून येईन. म्हणून हात जोडतो, तसं लिहू नकोस.

तुझाच,
भांडखोर