घाई कसली?

प्रिय सायलेन्सर,

हे नाव तुला मीच ठेवलं. आपण मोटारींचे सायलेन्सर बनवायचो. दिवसभर पत्र्याच्या ठोकाठोकीने कान किटायचे आणि तू मात्र तोंडाला वेल्डिंग केल्यासारखा बसायचास. तुझ्या ताईशी माझं लग्न ठरलं तेव्हाही एवढंच म्हणालास, बरं झालं. त्यावरून मी तुझी किती खेचली!

आता बॅटरीवरच्या गाड्या आल्या. त्यांना आवाजच नाही, तर सायलेन्सर कशाला? काल आपल्या शेडमधली मशिनं ट्रकमधून गेली. फरशीवर त्यांच्या पायांचे डाग तेवढे राहिलेत. याचा मला राग नाही रे. काळापुढे कोणाचं चालतं?

राग वेगळाच आहे. शेवटच्या सभेत साहेबांनी कामगार समितीचे आभार मानले. शेड बंद होणार हे उन्हाळ्यापासून ठाऊक असूनही तुम्ही चकार शब्द बाहेर काढला नाहीत म्हणे. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या आणि मग डोक्यात प्रकाश पडला. समितीत तू होतास. आणि उन्हाळ्यातच जेवणाच्या सुट्टीत मी तुला विचारलं होतं, गेट-जाळ्या बनवणारा मला कामाला बोलावतोय, जाऊ का? एरवी तुझ्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते. त्या दिवशी मात्र डबा उघडता उघडता लगेच म्हणालास, घाई कसली, थांब की. मी थांबलो. त्याने दुसरा वेल्डर घेतला. आणि तू आता कंपनीच्या नव्या बॅटरीच्या शेडमध्ये कामाला आहेस. केसाने गळा कापलास माझा.

घरी तुझी ताई येईल त्याला ठासून सांगते, माझ्या भावाला नुसती कुणकुण असती तरी तो धावत आला असता. शेजारीण तुझ्याबद्दल काहीतरी बोलली, तर तिच्याशी कडाकडा भांडली. मी ताटात बघत जेवतो. नवऱ्याचं काम गेलं तेवढं तिला पुरे आहे, तिचा भाऊही काढून घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून हे पत्र. रविवारी ये. ती तुझ्या आवडीचं काहीतरी करेलच. पण पानावर बसण्याआधी तिला खरं काय ते तुझ्या तोंडाने सांग. मी तेवढा वेळ बाहेर जाईन. याही वेळी गप्प बसलास, तर मात्र मी बोलेन. रविवारपर्यंत थांबतो. थांबायला तूच शिकवलंस.

तुझाच (हे अजून खोडलेलं नाही),
भावोजी