तेवीस आकडे

लिपिन्का,
गुरुवार, ७ मार्च २०१३

प्रिय कोर्ला,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तुझ्या मनात पहिलं काय येईल ते मला ठाऊक आहे, म्हणून तेच आधी लिहून टाकते. बाबा ठीक आहेत. पंच्याण्णवाव्या वर्षीही स्वतःच्या हातानं दाढी करतात आणि कापलं की दोष माझ्या आरशाला देतात. घरही जागेवर आहे. आई गेल्यापासून आपण दोनदा फोनवर बोललो, दोन्ही वेळा हवेबद्दल. आजचं सांगणं फोनवर मला जमलं नसतं. तू पलीकडे गप्प राहिला असतास आणि मी पुन्हा हवेवर आले असते.

आईला पोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चर्चच्या सभागृहात लाइपझिगच्या विद्यापीठातून आलेली मंडळी गालातून कापूस फिरवून नमुने घेत होती, आठवतं ना? तू समुद्राकाठच्या रोस्टॉकहून आलास तो नेमका त्याच दिवशी. पण त्याआधी महिनाभर गावानं एकमेकांकडे किती संशयानं पाहिलं ते तुला माहीत नाही. बेकरीत रोज नवा तर्क. कुणी म्हणे, हे कोळशाच्या खाणवाल्यांचं काम. "आधी सिद्ध करतील की आपण सोर्ब लोक या जर्मनीतले मूळचे नाहीच, मग गाव उठवायला मोकळे!" कुणी म्हणे, विमावाले आपले आजार शोधताहेत. बाबांनी तर दारच लावून घेतलं. ते अठरा वर्षांचे असताना शाळेच्या अंगणात वंश तपासणारे कुणी साहेब लोक येऊन पोरांची डोकी लोखंडी चिमट्यानं मोजून गेले होते, पेटीतल्या काचेच्या डोळ्यांशी त्यांचे डोळे जुळवून पाहिले होते. "तेसुद्धा असेच गोड हसायचे," बाबा म्हणाले. "तेव्हा डोकी नेली, आता लाळ मागताहेत. मी मेलेला आहे म्हणून सांग त्यांना."

माझाही विश्वास नव्हता. म्हणून तर मी त्या सभागृहात गेले. टेबलाशी बसलेल्या स्वान्त्येला, त्या उत्तरेच्या किनाऱ्याकडच्या उंच मुलीला, मी सरळ विचारलं, "आमच्याबद्दल काय सिद्ध करायचंय तुम्हाला?" ती म्हणाली, "सिद्ध काही नाही, काकू. दीड हजार वर्षांपूर्वी इकडच्या जर्मन टोळ्या निघून गेल्या आणि मग पूर्वेकडून तुमचे स्लाव लोक आले, असं म्हणतात. पण सगळेच गेले का? कुणी मागे राहिलं का? आलेल्यांनी कुणाशी लग्नं केली? त्या काळी स्लाव मृतांना जाळायचे. राखेतून मला काही वाचता येत नाही. म्हणून जिवंत माणसांच्या दारात यावं लागतं." मी म्हटलं, मग घे माझा कापूस. तर म्हणाली, "नाही काकू, आम्ही बघतो ती खूण फक्त बापाकडून मुलाकडे जाते. पुरुषच लागतात."

तू माझ्या मागे उभा होतास. मी मान वळवली नाही, जमिनीकडे बघत राहिले. तू म्हणालास, "मग माझा घ्या." आपला चुलतभाऊ बेनो आधीच तोंड उघडून बसला होता. तो ओरडला, "दे दे, रोस्टॉकचं खारं पाणी निघेल नुसतं!" सगळे हसले. तूही हसलास. आणि अर्जावर निकालासाठी पत्ता लिहिलास तो तुझा नाही, आपल्या घराचा. मी विचारलं तर म्हणालास, "मला नको. इकडेच येऊ दे." कोर्ला, त्या दिवसापासून मला वाटतंय की तू ते मुद्दाम केलंस. बाबांच्या टेबलावर ते पाकीट पडावं म्हणून. खरं असेल तर मी तुला नावं ठेवणार नाही.

आपल्या घरात ही गोष्ट कधी कुणी मोठ्यानं बोललं नाही, म्हणून मी आज एकदा लिहिते. बाबा युद्धकैदेतून परतले ते एकोणपन्नासच्या नोव्हेंबरच्या शेवटी. तू जन्मलास पन्नासच्या जुलैत, पहिल्याच आठवड्यात. गावानं बोटांवर महिने मोजले. आणि वरच्या खोलीत चार वर्षं एवाल्ड राहत होता. युद्धानंतर पोलंडला गेलेल्या सिलेसियातून हाकलला गेलेला जर्मन घड्याळजी, सरकारनं आपल्याकडे ठेवलेला. तुला तो आठवायचं कारणच नाही, तू यायच्या आधी बाबांनी त्याला बाहेर काढलं होतं. मग तू आलास. बाबा माझ्याशी आपल्या सोर्बी भाषेत बोलायचे आणि तुझ्याशी जर्मनमध्ये. तुला ती आपल्या घरातली शिस्त वाटायची. एकदा तू मला विचारलंही होतंस, मुलांशी जर्मनच बोलायचं असतं का म्हणून. मी हो म्हटलं होतं.

आणि तो ईस्टर. तू सोळाचा झालास तेव्हा आईनं तुला घोडेस्वारांच्या मिरवणुकीसाठी काळा कोट शिवला होता. बाबा त्या वर्षी सगळ्या घोडेस्वारांच्या पुढे होते. सकाळी अंगणात दोन घोडे सजवून उभे होते, वेण्या घालून, शेपट्यांना फिती बांधून. तू कोट घालून पायरीवर आलास आणि बाबांनी दुसऱ्या घोड्याचा लगाम बेनोच्या हातात दिला. "ही आपल्या लोकांची रीत आहे," एवढंच म्हणाले, तेही जर्मनमध्ये. तू कोट काढलास, नीट घडी घातलीस, आईच्या हातात दिलास. पुढच्या वर्षी तू रोस्टॉकला जहाजांच्या कारखान्यात होतास.

आता निकालाचं. फेब्रुवारीच्या मध्यात पाकिटं आली. आधी बेनोच सायकल हाणत आला, लालबुंद होऊन. "हान्झा, चोर आहेत हे लोक! नमुने बदललेत!" गावातल्या तीनातल्या दोन पुरुषांची खूण पूर्वेकडची निघाली, अगदी अपेक्षेप्रमाणे. बेनोची मात्र उत्तरेकडची. डेन्मार्क, जर्मनीचा किनारा, तिथली. बेनो! चर्चचा गायक, मिरवणुकीत झेंडा धरणारा, दुकानात पाटी फक्त जर्मनमध्ये असली तर भांडणारा! खानावळीत त्याला "या, या, जर्मनसाहेब" म्हणून खुर्ची देतात आणि बियर हवी का ते मुद्दाम जर्मनमध्ये विचारतात. तीन दिवस तो घराबाहेर पडला नाही. मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या हजारो पूर्वजांतला तो एक धागा. तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याची लाळ बदलली.

तुझं पाकीट मी टेबलक्लॉथच्या घडीखाली ठेवलं होतं. बाबांच्या हाती लागू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. चौथ्या दिवशी ते मी फोडलं. तुझं पाकीट, तुझ्या परवानगीशिवाय. तुझ्या कागदावरही उत्तरेकडचीच खूण होती. बेनोचीच, म्हणून पहिल्यांदा मला आनंद झाला आणि मग लगेच एवाल्ड आठवला. तोही जर्मनच होता ना! उत्तरेची खूण त्याचीही असू शकते. म्हणजे जिथे होतो तिथेच. साठ वर्षं संशय घेतलेल्या घराला कागदसुद्धा असाच मिळणार, असं वाटलं.

मग मी स्वान्त्येला फोन लावला. ती आधी बोलायलाच तयार नव्हती. "काकू, ते पाकीट तुमच्या भावाचं आहे." मी म्हटलं, "हो, आणि मी ते फोडलंय. आता तू मला हवं ते म्हण, पण माझा भाऊ आणि बेनो एकाच घराण्यातले का, एवढं सांग."  तेव्हा ती म्हणाली, "दोघांच्या कागदावर खाली आकडे आहेत का बघा. तेवीस. ती उत्तरेची खूण लाखो लोकांची एकच असते, ती सोडून द्या. पण हे आकडे परक्या माणसांचे सगळेच्या सगळे सहसा जुळत नाहीत. जुळले तर दोघं एकाच घराण्याचे." मी बेनोकडून कागद मागून आणला. जुळले, कोर्ला. तेवीसच्या तेवीस. आणि माझं मन इतकं सडलेलं की त्यातही फट शोधायला लागलं. घराण्यातला दुसरा कोण? बेनोचे वडील चव्वेचाळीसमध्येच आघाडीवर मारले गेले. आजोबा लढाईआधीच वारलेले. दुसरा कुणी पुरुष त्या घरात नव्हताच. तू बाबांचा आहेस.

आठवडाभर मी बाबांना सांगितलं नाही. मग गेल्या रविवारी जेवण झाल्यावर दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. ते म्हणाले तेच जे ते म्हणणार होते. "त्या पोरीला हे लिहायला कुणी सांगितलं?"  त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी आकडे वाचायला घेतले. आधी बेनोचा, मग तुझा. तेरा, तेरा. बावीस, बावीस. ते टेबलावर बोट आपटत मोजत होते. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा वाच. आधी त्याचा वाच, मग बेनोचा." मी वाचले. तिसऱ्यांदा त्यांनी मला मध्ये थांबवलं, एकदम वर बघून, मी फसवते आहे का ते पाहायला. मग बोट थांबलं.  म्हणाले, "केवढासा होता तो. दोन किलोसुद्धा नव्हता. सुईण म्हणाली होती, दिवस भरले नाहीत याचे. मी तिला म्हटलं, तुलाही शिकवून ठेवलंय वाटतं."  आणि मग मला विचारलं, "हे आता मी तिला कसं सांगू?" तिला म्हणजे आईला.  मी कागद आवरले.

आपलं घराणं उत्तरेकडचं आहे हे त्यांच्या लक्षात यायला आणखी दोन दिवस लागले. मंगळवारी दाढी करताना म्हणाले, "म्हणजे जर्मन मीच होतो." हसले नाहीत. स्वान्त्येला विचारलं तर ती म्हणते, असं म्हणू नका, त्या खुणेला भाषा नसते. कुणी एक जण टोळीबरोबर गेला नसेल, इथंच कुणा सोर्ब मुलीशी संसार केला असेल. किंवा फार नंतर कुणी गिरणीवाला कामासाठी आला असेल. तिलाही सांगता येत नाही. पण जो कुणी होता, त्याच्या पोरांना इथल्या लोकांनी आपलं म्हटलं, एवढं तर खरं.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. काल बाबांनी तुझा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला. येत्या रविवारी चर्चहून आल्यावर ते तुला फोन करणार आहेत. माफी मागतील की नाही, सांगता येत नाही. पण एक गोष्ट ते नक्की सांगतील, कारण काल मलाच त्यांनी ती ऐकवली. "तूच सांगितलं होतंस मला." हो, मीच. बाबा परतले तेव्हा मी साडेसहा वर्षांची होते. दाढी वाढलेला एक अनोळखी माणूस स्वयंपाकघरात बसलेला असायचा, माझ्याशी बोलायचा नाही. त्यानं माझ्याकडे बघावं असं मला फार वाटायचं आणि त्याला देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. म्हणून मी जाऊन सांगितलं, की आई धुण्याच्या खोलीत एवाल्डचा हात धरून रडत होती. त्यानं मला मांडीवर घेतलं, पहिल्यांदाच. त्या साडेसहा वर्षांच्या पोरीला तू माफ केलं नाहीस तरी मी करेन. पण पुढचं बाबांनाही माहीत नाही. सत्त्याहत्तर साली आईनं मला स्वतःहून सांगितलं, की त्या दिवशी एवाल्डला चिठ्ठी आली होती. त्याची बायको आणि दोन्ही मुलं सिलेसियातून येताना वाटेत थंडीनं गेल्याची. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि बाबा शेजारच्या खोलीत होते. मी उठून तिकडे गेले नाही. तू गेलेला होतास, घर शांत होतं, आणि ती शांतता मला सोयीची होती. तू घरी यावंस असं मी लिहीत नाही, तो हक्क मला नाही. एवढंच हवं होतं, की हे तुला रविवारी त्यांच्या तोंडून कळायच्या आधी माझ्या हातून कळावं. पोस्टातल्या मुलीनं सांगितलंय, शनिवारपर्यंत पोचेल.

तुला चालत असेल तर अजूनही तुझीच,
हान्झा