वेंडलची बोटं

बेसबॉलच्या मानाच्या दालनाच्या साहेबांना,

सगळ्यात आधी आला तो लांबडा ऑटिस, ज्याची पितळी पाटी तुमच्या भिंतीवर आहे तोच, आणि दारातूनच ओरडला, "काकू, केक केलाय ना?" मागून रेने, त्याचीही पाटी आहेच. दोघंही माझ्या वेंडलच्या जुन्या संघातले.

माझा वेंडल खोलीत दार लावून बसला होता. तुमच्या दालनात निवड व्हायला त्याच्यासाठी मतदानाचं हे शेवटचं वर्ष, आणि यंदाही तुमचा फोन आला नाही.

ऑटिसने दार बडवलं. "ए, बाहेर ये! कुठला चेंडू टाकायचा ते तू बोटांनी खुणावायचास, मी नुसता टाकायचो. पाटी मात्र माझी एकट्याची झाली, लेका!"

"तू कधी ऐकलंस माझं? तुझे भलतेच चेंडू झेलतानाच तर ही बोटं मोडली," म्हणत वेंडल बाहेर आला, आणि हसला हो साहेब! मग तिघांनी मिळून केक फस्त केला, मला नुसती ताटली उरली.

मी रागावलेली नाही. पण तुमच्या पाटीवाल्यांना माझ्या लेकाशिवाय करमत नाही, हे तुम्हाला कळावंसं वाटलं. वेंडल म्हणतो, "आई, हे पत्र टपालपेटीत टाकलंस तर बघ!" म्हणून टाकत नाही.

वेंडलची आई, त्याच्या पोरींची आजी,
अर्लीन प्रुइट

ता.क. दोघं ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी परत येणार आहेत. दिवस वेंडलनेच ठरवला.