नायट्रोजनसाठी सांगलीला

कडेगाव, मंगळवार संध्याकाळ

आमच्या वर्कशॉपातल्या, लोखंडात भोकं पाडणाऱ्या बोरिंग मशीनचं अवजड हेड तोलून धरणाऱ्या दाबटाकीतल्या नायट्रोजनचा दाब उतरला, तर भागीदार आनंदराव वेल्डिंगचा ऑक्सिजनच भरायला निघाले. मला म्हणतात, "आवं शास्त्रीबुवा, ती बी हवाच की!" टाकीत एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला तेल; तेलाला ऑक्सिजन भेटला की स्फोट. मग भागीदारी काय स्वर्गात चालवायची? ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी खिशात घालून मीच सांगलीहून नायट्रोजन आणला. हेडखाली लाकडी ठोकळा दिला, तेलाचा दाब पूर्ण उतरवला, तेव्हाच नायट्रोजन भरला. ठोकळा नीट बसलाय ना? पुन्हा पाहिलं. पंप सुरू करून ठोकळा काढताना निम्मा शांतिपाठ झाला माझा. हेड जागचं हललं नाही! आनंदराव एका बोटानं मशीनचं चाक फिरवत हेड वर-खाली नेत राहिले. "लय हलकं झालं, गड्या!" माझी पाळी येईचना. शेवटी चहा आलाय अशी थाप मारली आणि चाक धरलं.