गावाकडचं पावणं

नेसरी, जून १९९८

गुरुसिद्ध काका,

पत्राच्या सुरुवातीला नमस्काराचं 'शरणार्थ' लिहायला मन होत नाही.

मुलींच्या होस्टेलवर रेक्टरबाईंनी विचारलं, "कोल्हापुरात हिचे पालक कोण? त्यांची सही लागेल." अप्पांनी हसत तुमच्याकडं बघितलं. कोल्हापुरातच राहणारा त्यांचा सख्खा थोरला भाऊ शेजारीच उभा होता की. तुम्ही म्हणालात, "मी न्हाय बाई. गावाकडचं पावणं हायत, नुसती वाट दाखवाय आलोय."

खोली हुकली, कॉलेजही हुकलं. अप्पा अजून म्हणतात, "दादा गडबडीत होता." कळलं तर हे पत्र ते पोस्टात टाकू देणार नाहीत.

यात्रेला तुम्ही येणारच. आजवर थेट चुलीपाशी येऊन बसायचात. यंदा तुमचं घोंगडं मी बाहेर सोप्यात अंथरीन. पावण्यांची जागा तीच.

तुमची पावणी,
शिवांजली