कुत्र्याचं झबलं

३ सप्टेंबर
आलो बाई एकदाचे! टोकमोकहून दोन दिवस ट्रकमध्ये. गाद्या, पातेली, सागिनचं ते कधीच न लागणारं रेडिओ-यंत्र, आणि सातवा महिना लागलेली मी. सागिनला इथल्या घाटात काम मिळालंय, हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवायचं. घर लहान आहे, पण भिंती जाड आहेत आणि चुलीचा धूर कोंडत नाही. मागे ओढा, ओढ्यापलीकडे घळ. शेजारच्या उल्कान अपा पोहोचल्या पोहोचल्या तळलेल्या पिठाचे गरम बोरसोक आणि वाटीभर साय घेऊन आल्या. माझं पोट बघून मुलगाच होणार म्हणाल्या, आणि जाता जाता म्हणाल्या की घराबरोबर कुत्राही आता तुमचाच. आधीचा म्हातारा मेंढपाळ वसंतात वारला, तेव्हापासून तो दारातच पडून असतो. राखाडी, वासराएवढा, छातीवर पांढरा पट्टा म्हणून अक्तोश. मला बघून त्यानं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. सागिन म्हणतो, अगदी तुझ्यावर गेलाय, आल्यागेल्याचं काही कौतुकच नाही.

७ सप्टेंबर
कुत्रा आहे की चोर! आधी माझी चप्पल, मग सागिनचा हातमोजा, आज चक्क पिठाची चाळणी. तोंडात धरतो, ओढा ओलांडून घळीत जातो आणि रिकाम्या तोंडानं परत येतो. हाक मारली तर ढिम्म. जवळ गेलं तर दात दाखवतो.

अपा पोट धरधरून हसल्या. घळीत गेलं ते गेलं म्हणे. गावातल्या सगळ्या बाळांची झबली ह्याच्याच गळ्यात बांधतात. चाळिसाव्या दिवशी बाळाचं पहिलं झबलं घेऊन कुत्रा पळाला की बाळाची पीडा त्याच्याबरोबर जाते, हे तर आमच्या टोकमोकलाही करतात. पण बाकीची कुत्री झबलं कुठंतरी चिखलात टाकून येतात, आणि हा नेलेलं पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडू देत नाही. मी म्हटलं, अपा, माझी चाळणी म्हणजे काय पीडा होती का? मी चौथीतली छत्तीस कार्टी सरळ केली आहेत. हा तर कुत्रा.

२६ सप्टेंबर
मारायचं नाही, ओरडायचं नाही. पहिला आठवडा मी नुसती अंगणात त्याच्याकडे पाठ करून बसले, खिशात कुरुतचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, खारट गोळे घेऊन. एक मागे टाकायचा आणि बघायचंही नाही. नवव्या दिवशी त्याचं ओलं नाक माझ्या तळव्याला लागलं. आज मी मोजा फेकला, ‘आण’ म्हटलं, आणि तो घळीकडे वळला, थांबला, बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला, आणि मोजा घेऊन परत आला! मी रडलेच. पोटुशी बाई कशालाही रडते. मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा मोठा तुकडा बक्षीस दिला. सागिन म्हणाला, इतका तुकडा मला कधी वाढला नाहीस.

१९ ऑक्टोबर
अक्तोश म्हणजे सोनं आहे. दहा मोजे ओळीनं ठेवले, तर ज्याला शेवटचा माझा हात लागला असेल तोच हुंगून उचलतो. एकदाही चुकला नाही. दात न लावता, अंडं उचलावं तसं. सागिननं त्याला सोबतीला घाटातल्या चौकीवर नेलं, तर दुसऱ्या दिवशी हा दारात हजर, तोंडात सागिनची टोपी! हसून हसून पोट दुखलं.

अपांना मात्र कौतुक नाही. म्हणाल्या, काही कुत्री आणायला असतात, काही न्यायला. त्याला उलटं वळण लावू नकोस पोरी. म्हातारा त्याला फक्त ‘ने’ म्हणायचा, दुसरा शब्दच शिकवला नव्हता. मी त्यांचा चहाचा पेला पुन्हा भरला आणि विषय बदलला.

२२ नोव्हेंबर
मुलगा. परवा पहाटे झाला. नाव तुरसुन, म्हणजे राहो. आधीची पोर दहा दिवसांत गेली, तिचं नाव मी अजून तोंडातून काढत नाही. हा राहू दे. दुसरं काही मागत नाही.

३० डिसेंबर
चाळीस दिवस पुरे झाले! चाळीस चमचे पाण्यानं आंघोळ घातली, अपांनी मोजले आणि सत्तावीसला चुकल्या, मग पुन्हा पहिल्यापासून. झबल्यासाठी त्यांनी खालच्या आळीतला एक लंगडा कुत्रा आणला होता. मला रागच आला. माझा वाघासारखा कुत्रा दारात असताना माझ्या पोराची पीडा लंगडा नेणार? अपांनी विचारलं, तो आता आणलेलं परत करतो ना गं? मी म्हटलं, मी ‘आण’ म्हटलं तरच करतो. अपांनी लंगड्याची दोरी सोडून दिली. झबल्यात बोरसोक गुंडाळून मी ते अक्तोशच्या गळ्यात बांधलं, पोरं आरोळ्या ठोकत मागे धावली, आणि तो बाणासारखा घळीत गेला. तुरसुन दिवसभर शांत झोपला.

२ जानेवारी
सकाळी दार उघडलं तर अक्तोश बसलेला. ताठ, मी शिकवलं तसा. तोंडात तुरसुनचं झबलं. मी ‘आण’ म्हटलं नव्हतं. हात आपोआप पुढे झाला. तोंडातून शाब्बास निघून गेलं.

संध्याकाळी तुरसुनला ताप.

४ जानेवारी
आज दुसरं झबलं. आपलं नाही. जुनं, मातीनं कडक झालेलं, गळ्याला लाल दोरा. अपांनी तो दोरा बोटांत धरला आणि लगेच ओळखला. त्यांच्या नातीचं, सात वर्षांपूर्वीचं. तिला लहानपणी झटके यायचे, चाळिसाव्यानंतर थांबले होते. मी घाईघाईनं फोन लावून चौकशी केली, नात ठणठणीत आहे.

दुपारी तुरसुनला झटका आला. डोळे वर गेले. माझ्या मांडीवर.

५ जानेवारी
घाट बंद. सागिन पलीकडे अडकलाय, फोनवर नुसता रडतो. डॉक्टरीणबाईही फोनवरच म्हणाल्या, ऊब द्या, रस्ता उघडला की लगेच आणा. झबली जाळू म्हटलं तर अपांनी हात धरला, जाळलं तर पीडा घरातच राहते. अक्तोशला साखळीनं बांधलंय.

६ जानेवारी
साखळी तुटलेली. तिसरं झबलं उंबऱ्यावर. कोणाचं, अपांना माहीत आहे, सांगत नाहीत. फक्त विचारलं, श्वास नीट घेतोय ना. नाही घेत. छातीत शिट्टी वाजते.

मी हात पुढे केला नाही. शाब्बास म्हटलं नाही. तोंड फिरवलं. तो बराच वेळ बसून राहिला, मग उठून पुन्हा घळीकडे—

दुपारी दोन आणली. मी खूश झाले नाही म्हणून. माझ्याच वर्गातली पोरं अशी, बाई हसल्या नाहीत की पुन्हा पुन्हा पाटी दाखवणारी. देवा, हे मीच शिकवलं.

७ जानेवारी
मारलं. काठीनं. आयुष्यात जनावराला मारलं नव्हतं. तो आडवा पडून मार खात राहिला, मग माझा हात चाटला आणि गेला. संध्याकाळपर्यंत आणखी चार घेऊन आला.

गळ्यात बांधून हाकललं तर ओढ्यापर्यंत जातो. परत येतो.

नऊ झाली. आता अपांनाही ओळखू येत नाहीत. त्यांच्या आजीच्या काळातली असतील म्हणतात. पण अक्तोश तर दहा वर्षांचा—

९ जानेवारी
तुरसुन दूध ओढत नाही. रडतही नाही. थंडगार पाय.

अपांना म्हाताऱ्याचा शब्द आठवला. ‘ने.’ करून बघू म्हणाल्या. मी सागिनचा बूट हातात घेऊन अंगणात ठेवला, ‘ने’ म्हटलं. अक्तोशचे कान उभे राहिले. बूट उचलला, घळीत गेला, रिकामा परत आला! दिवस मावळला, बूट आला नाही. विसरला नाहीये तो! उद्या पुन्हा एकदा नव्या चाळणीवर. मग झबली.

१० जानेवारी
चाळणीही गेली. आली नाही. गेली की गेली. अपा म्हणतात, उद्या दुपारी, ऊन असताना. ‘ने’ म्हटल्यावर दाराकडे पाठ करून बसायचं. तो ओढा ओलांडेपर्यंत हाक नाही, मागे बघणं नाही, नाहीतर घेऊन परत फिरेल.

११ जानेवारी, दुपार
ओढ्याकडच्या खिडकीशी बसलेय. दार मागे. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहितेय, नाहीतर मागे बघेन.

नऊही झबली पांढऱ्या फडक्यात बांधून दाराशी ठेवली. अपा पाणी तापवायला त्यांच्या घरी गेल्या. तेवढ्यात तुरसुन कुरकुरला, दोन दिवसांनी पहिला आवाज! उचलला, मुका घेतला, पांढऱ्या दुलईत घट्ट गुंडाळून पाळण्यात ठेवला. मग दार उघडलं, ‘ने’ म्हटलं, इथं येऊन बसले.

नखांचा आवाज. हुंगतोय. थांबला. पुन्हा हुंगतोय. उशीर का लावतोय—

गेला. बाहेर गेला!

दिसला. घरामागच्या अंगणात. तोंडात पांढरं. किती अलगद धरलंय, दात न लावता. जा बाळा, जा. घेऊन जा सगळं.

ओढ्यात पाय घातला. ओलांडला! शाब्बास! शाब्बास रे माझ्या—

आता मागे बघायला हरकत नाही. तुरसुन किती शांत—

गाठोडं दाराशीच आ